‘अजून एक प्रयत्न शिल्लक होता’

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातला, वय वर्षे ३९. विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर २००८ ते २०१४ अशी सहा वर्षे पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास केला. दोनदा मुख्य परीक्षा दिली, त्यांतल्या एका वेळी मुलाखतीपर्यंत पोहोचलो. अंतिम यादीत नाव आले नाही. गावी परतून दोन वर्षे एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकलो आणि २०१६ मध्ये स्वतःचे दुकान टाकले. दुकान म्हणजे फक्त मोटारी भरण्याचे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारींचे वायंडिंग करून देतो. हाताखाली चार पोरे आहेत, घर बांधून झाले आहे, हंगामात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पण शेवटी इंजिनिअर होऊन मी फक्त मिस्त्रीच झालो.

माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. जन्म १९५८ चा. बहात्तरच्या दुष्काळात चौदाव्या वर्षी त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे डी.एड. करून १९८० मध्ये नोकरीला लागले आणि मी दुकान टाकले त्याच वर्षी निवृत्त झाले. दुकानाचा नारळ मी त्यांच्याच हातून फोडला. आत एकदा नजर फिरवून ते म्हणाले, ‘बरं आहे. पण अजून एक प्रयत्न शिल्लक होता.’ हे वाक्य त्यानंतर किती वेळा ऐकले याला गणती नाही. पाहुणे आले की माझी ओळख ‘हा मुलाखतीपर्यंत गेला होता’ अशी करून देतात आणि तिथेच थांबतात. चुलतभाऊ नायब तहसीलदार आहे. त्याची प्रत्येक बदली त्यांना तोंडपाठ आहे.

मागे मी ३८ वर्षे पूर्ण केली, म्हणजे खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ओलांडली. अभ्यास सोडून दहा वर्षे झाली असताना त्या रात्री मला रडू का आले, ते मला उमगत नाही. आता हमरस्त्यावर मोठा गाळा घेऊन एका पंप कंपनीची एजन्सी घ्यावी म्हणतो. २२ लाखांचे कर्ज लागेल. पत्नी म्हणते, एवढी घाई कशाला? खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांपुढे एजन्सी येतच नाही. एसटीतून उतरून तो बोर्ड वाचणारे अण्णा येतात. दुपारी ते दुकानात बसून आलेल्या मोटारींची वही लिहितात, तेव्हा मी मोठ्या बागायतदारांची नावे मुद्दाम मोठ्याने घेतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. मुलगा पाचवीत आहे. शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून परवा त्याला नको ते बोललो. मला वडिलांच्या तोंडून फक्त एकदा ‘चांगलं केलंस’ ऐकायचे आहे. ते मागावे का? की त्याचा नाद सोडावा, आणि सोडायचा तर कसा?

उत्तर : तुमच्या पत्रात ‘फक्त’ हा शब्द तीनदा आला आहे. तिसऱ्या ‘फक्त’विषयी मी पुढे बोलेन. पहिले दोन मात्र अण्णांचे नाहीत, तुमचे आहेत. ‘फक्त मोटारी भरण्याचे’ आणि ‘फक्त मिस्त्री’ असे अण्णा म्हणाल्याचे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. त्यांनी शिल्लक राहिलेल्या प्रयत्नाचा उल्लेख केला, आणि त्याचा अर्थ ‘तू कमी पडलास’ असा तुम्ही लावला. तो अर्थ कदाचित बरोबरही असेल. पण ज्या मापाने अण्णा तुम्हाला मोजतात असे तुम्हाला वाटते, ते माप तुमच्याही खिशात आहे आणि ते तुम्ही रोज बाहेर काढता, एवढे आधी मान्य करून पुढे जाऊ.

अण्णांचे माप कुठून आले, हे तुम्हीच सांगितले आहे. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. पण सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या मुलाने चौदाव्या वर्षी रानातले पीक करपून गेलेले आणि घरातली माणसे दुष्काळी कामावर गेलेली पाहिली, त्याच्यापुरती ती म्हण बहात्तर साली उलटी झाली. त्या मुलाला पुढे महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळू लागला, पाऊस पडो न पडो तो मिळत राहिला, आणि त्या पगारावर त्याने तुम्हाला इंजिनिअर केले. अशा माणसाच्या मनात ‘नोकरी’ या शब्दाचा अर्थ प्रतिष्ठा एवढाच नसतो. पुन्हा खडी फोडावी लागणार नाही याची ती हमी असते. ‘अजून एक प्रयत्न शिल्लक होता’ या वाक्यात तुमच्यावरचा शेरा किती आणि त्यांची धास्ती किती, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, परंतु धास्तीचा वाटा तुम्ही धरता त्याहून बराच मोठा असावा असा माझा अंदाज आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. अण्णांच्या मनात जी सरकारी नोकरी आहे, ती आता त्या रूपात राहिलेलीही नाही. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू होणाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. तुम्ही २०१२ मध्ये निवडले गेला असतात तरी अण्णांसारखे निवृत्तिवेतन हक्काने तुमच्या पदरात पडले नसते. हा मुद्दा त्यांच्याशी वाद घालण्यासाठी वापरू नका; निवृत्त शिक्षकाशी निवृत्तिवेतनावर वाद घालून कोणी जिंकल्याचे माझ्या ऐकिवात नाही. हा मुद्दा तुमच्यासाठी आहे. ज्या आयुष्याशी तुम्ही तुमच्या दुकानाची तुलना करता, ते अण्णांचे आयुष्य आहे, आणि ते तुम्हाला कोणत्याही परीक्षेतून मिळणार नव्हते.

कारण समजले म्हणून दुखायचे थांबते, असे मी म्हणणार नाही. दुकानाच्या पहिल्याच दिवशी, हातात नारळ असताना, चार माणसांत ते वाक्य ऐकणे हे लागण्यासारखेच आहे. वडील कठीण दिवसांतून आले म्हणून मुलाने सगळे सोसावे, हा आपल्याकडचा लाडका उपदेशही मला पटत नाही.

आता त्या रात्रीच्या रडण्याविषयी. परीक्षेचा विचार तुम्ही २०१४ मध्येच सोडला होता, हे खरे आहे. परंतु वयोमर्यादा संपेपर्यंत अण्णांचे वाक्य एका अर्थाने खरे होते, कारण प्रयत्न खरोखरच शिल्लक होता. म्हणजे त्यांना खूश करण्याचा एक मार्ग, तुम्ही त्यावरून जाणार नव्हता तरी, उघडा होता. अडतीस पूर्ण झाली त्या दिवशी तो बंद झाला. घरातले कोणी वारले तर आपण सुतक पाळतो, चार माणसे भेटायला येतात. सहा वर्षांच्या अभ्यासाचे आणि एका न मिळालेल्या पदाचे सुतक तुम्ही कधी पाळलेच नाही. पुण्याहून आलात आणि थेट मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसलात. ते रडणे दहा वर्षे उशिराने आले, एवढेच. त्यात लाज वाटावी असे काही नाही.

तुमचे तिसरे ‘फक्त’ मात्र मला सर्वांत काळजीचे वाटते, कारण ‘फक्त एकदा’ मागितलेल्या या वाक्यावर तुम्ही झोप, मुलाशी असलेले नाते आणि आता २२ लाख रुपये लावायला निघाला आहात. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी मराठीतून घरोघरी पोहोचवली, तिच्यात इच्छा आणि अट यांतला फरक वारंवार सांगितला जातो. ‘अण्णांनी कौतुक केले तर मला फार बरे वाटेल’ ही इच्छा आहे; ती रास्त आहे आणि ती सोडा असे तुम्हाला कोणीही सांगू नये. ‘अण्णांनी कौतुक केलेच पाहिजे, नाहीतर माझ्या केल्याला काही किंमत नाही’ ही अट आहे. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हळहळतो. अट पुरी झाली नाही तर त्याची झोप उडते आणि तो ती पुरी करण्याचे नवनवे उपाय शोधू लागतो, कधी मोठ्याने नावे घेऊन, तर कधी मोठा गाळा घेऊन.

म्हणून आधी गाळ्याचा हिशेब करू. समजा, २२ लाखांचे कर्ज सात वर्षांच्या मुदतीने ११ टक्के व्याजाने मिळाले, तर दरमहा हप्ता साधारण ३७,७०० रुपये बसतो आणि मुदत संपेपर्यंत साडेएकतीस लाखांहून अधिक रक्कम फेडावी लागते. मोटारी कधी जळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळीनंतर पाणी उपसणे सुरू होते, उन्हाळ्यात विजेचा दाब कमी होतो, एखादी फेज जाते आणि मोटार उरलेल्या दोन फेजांवर चालत राहून जळते. मग तुमच्याकडे रांग लागते. चांगला पाऊस झालेल्या ऑगस्टमध्ये मात्र दुकानात शांतता असते, आणि हप्ता त्याही महिन्यात तेवढाच असतो. एजन्सी वाईट असेल असे मी म्हणत नाही, मला तुमच्या बाजारपेठेची माहिती नाही. माझे म्हणणे एवढेच की, अण्णा तो बोर्ड वाचून काहीही न बोलता पुढे निघून गेले, असे आधी डोळ्यांपुढे आणावे आणि मग हिशेब मांडावा. तरीही एजन्सी घ्यावीशी वाटली आणि आकडे जुळले तर जरूर घ्या. नाही वाटली, तर तुमच्या पत्नीने विचारलेल्या एका प्रश्नाने साडेएकतीस लाख वाचले असे समजा. तोपर्यंत सहा महिने कोणत्याही कागदावर सही करू नका.

कामाची पारख कोणी करावी, हाही प्रश्न यात आहे. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार कापून काढायची, तारेच्या खाचा साफ करून कागद बसवायचा, वेढे मोजून नवी कॉइल टाकायची, दोऱ्याने बांधायची, वॉर्निश देऊन भट्टीत सुकवायची आणि शेवटी मीटर लावून तिन्ही फेजांचा करंट सारखा येतो का ते पाहायचे. पाणबुडी मोटारीची तऱ्हा आणखी वेगळी. एका कॉइलचे चार वेढे कमी पडले तर मोटार चालू होते, पण गरम होते, आणि आठवड्याभरात शेतकरी दारात उभा राहतो. हे काम चांगले झाले की वाईट, हे अण्णांना कळण्याचा मार्ग नाही, जसे त्यांनी चौथीच्या वर्गाला अपूर्णांक चांगले शिकवले की नाही हे तुम्हाला कळले नसते. ज्यांनी तुम्हाला शिकवले त्या मिस्त्रींना ते कळते. ते हयात असतील तर तुम्ही भरलेली एखादी अवघड मोटार त्यांच्यापुढे नेऊन ठेवा. ज्याला कारागिरी कळते त्याच्या मान हलवण्याने जे मिळते, ते अण्णांच्या शब्दांनी भरून निघणार नाही, आणि हे उलट बाजूनेही खरे आहे. म्हणून एकाचे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

मात्र मिस्त्रींच्या शाबासकीवरही स्वतःची किंमत टांगून ठेवू नका. एलिस यांचा आग्रह असा होता की, कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. उद्या एखादी मोटार आठ दिवसांत परत आली तर ती पुन्हा भरून द्यावी लागेल, तार वाया जाईल, गिऱ्हाईक चार शब्द सुनावेल. त्या कामाला शून्य गुण. पण संध्याकाळी घरी जाणारा माणूस सकाळी निघालेल्या माणसापेक्षा कमी किमतीचा झालेला नसतो. हे वाचायला सोपे आहे, अंगवळणी पडायला वर्षे लागतात. सरावासाठी सर्वांत जवळचे ठिकाण तुमच्या घरातच आहे, ते म्हणजे पाचवीतला मुलगा. त्याला जे नको ते बोललात त्याबद्दल त्याची माफी मागा, आणि शिष्यवृत्तीच्या अभ्यासातले त्याला न आलेले एक गणित घेऊन त्याच्याशेजारी बसा.

आता मागावे का, हा तुमचा मूळ प्रश्न. मागावे, परंतु ‘तुम्हाला माझा अभिमान वाटतो का’ असे विचारू नये. आपल्या घरांत बाप-लेक अशा भाषेत बोलत नाहीत. अण्णा गोंधळतील आणि गोंधळलेला माणूस ओळखीचे वाक्य बोलून मोकळा होतो. ते वाक्य कोणते, हे आपल्याला माहीत आहे. त्याऐवजी दोन गोष्टी करता येतील. पहिली, पाहुण्यांसमोरचा तो उल्लेख थांबवायला सांगणे. दुकान बंद करताना, दोघेच असताना, साध्या शब्दांत सांगा : ‘अण्णा, तो प्रयत्न आता उरलेला नाही. माझं वय उलटून गेलं. पाहुण्यांसमोर ते काढत जाऊ नका, मला लागतं.’ एवढेच सांगायचे. चुलतभावाला मध्ये आणायचे नाही आणि जुना हिशेब उकरायचा नाही. ते काही बोलणार नाहीत, किंवा ‘मी कुठं काय म्हणालो?’ असे म्हणतील. तरी सांगायचे. दुसरी गोष्ट, एका दुपारी मोठ्याने नावे घेण्याऐवजी त्यांना टेबलापाशी बोलावून उघडलेली मोटार दाखवा, आणि ती का जळाली ते समजावून सांगा. छत्तीस वर्षे शिकवलेला माणूस आहे, शिकायला त्याला आवडेल असे वाटते.

आणि ती वही. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे, पण मी तिथे थांबलो. निवृत्त झालेला, देऊळ, पार, पेन्शनरांचा कट्टा असे सगळे मोकळे असलेला माणूस दुपारी ऊन डोक्यावर घेऊन तुमच्या दुकानात येतो आणि कोणाची मोटार किती एचपीची, कधी आली, किती बाकी, हे शिक्षकाच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवतो. हे कौतुकच आहे असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. वेळ जात नाही म्हणूनही माणसे येतात, आणि वडिलांच्या प्रत्येक हालचालीत प्रेम शोधत बसणे हाही त्या अटीचाच एक प्रकार होऊ शकतो. परंतु ज्या जागेला ते आपल्या मुलाच्या अपयशाची जागा मानत असते, तिथे रोज येऊन बसणे त्यांना जड गेले असते, असे मला वाटते. एखाद्या रविवारी ती वही घरी न्या आणि पहिल्या पानापासून चाळा. त्यांनी काय काय लिहून ठेवले आहे ते पाहा.

झोपेचे दुखणे अंगावर काढू नका. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातली, वय ६६. मुलगी मुंबईत परिचारिका आहे. गणपतीला आली तेव्हा म्हणाली, ‘आई, तू मला आजवर एकदाही चांगलं म्हटलं नाहीस.’ आमच्या घरात मुलांचे तोंडावर कौतुक करण्याची पद्धत नव्हती. मूल शेफारते, दृष्ट लागते, असे माझी सासू म्हणे. शेजारणीपाशी मात्र मी तिचे किती सांगते! आता या वयात एकदम कौतुक केले तर ते खोटे नाही का वाटणार?

उत्तर : तुमच्या मुलीच्या वाट्याचे सगळे कौतुक शेजारणीला मिळाले आहे, आणि मला नाही वाटत तिला त्याचा काही उपयोग झाला असेल. नवे काही रचू नका. शेजारणीला जे सांगता तेच, त्याच शब्दांत, मुलीला सांगा. ‘तू हुशार आहेस’ असे मोघम नको. कोणत्या रात्रपाळीत तिने काय केले आणि ते ऐकून तुम्हाला काय वाटले, ते सांगा. खोटेपणाचा वास मोघम बोलण्याला येतो, नेमक्या गोष्टीला येत नाही. दृष्टीची फारच धास्ती वाटत असेल तर मीठमोहरी ओवाळून टाका, पण बोला. पहिल्या वेळी ती फोनवर गप्प होईल किंवा ‘आई, तुझी तब्येत बरी आहे ना?’ असे विचारील. बरी आहे म्हणून सांगावे आणि राहिलेले बोलणे पुरे करावे.